भाच्याचे टोपडे

गेल्या दिवाळीत माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला. आईने झबली शिवली, मावशीने दुपटे शिवले. मी ठरवले, आपण भाच्याला टोपडे विणायचे. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी आम्हाला क्रोशा शिकवला होता, त्यामुळे विणण्याची भीती नव्हती.

आमच्या घरी मेंढरं आहेत. त्यांच्या लोकरीचे सूत आजी चरख्यावर काढते. मला वाटले, घरचे सूत असताना विकत कशाला आणायचे? चार दिवस बसून मी काळेभोर टोपडे विणले आणि मोठ्या ऐटीत बाळाला घातले. थोड्याच वेळात बाळ रडू लागले. टोपडे काढून बघतो तर कपाळावर लाल पट्टा उठलेला! मलाही रडू कोसळले. आजी म्हणाली, "अगं, हे घोंगडीचं सूत. आपल्या दख्खनी मेंढरांची लोकर राठ असती. थंडी-पावसात पाठीवर चांगली, पण तान्ह्या लेकराला टोचणारच की!"

मग बाजाराच्या दिवशी मी गुलाबी लोकर आणली. हाताला फार मऊ लागत होती. ती बघून बाई म्हणाल्या, "थांब, आधी एक प्रयोग करू." त्यांनी तीन धाग्यांचे तुकडे चिमट्यात धरून एकेक पेटवले. आमच्या मेंढराची लोकर नीट पेटेना, केस जळल्याचा वास आला. सुती दोरा कागदासारखा जळला, मऊ राख राहिली. माझा गुलाबी धागा मात्र वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. ती खरी लोकर नव्हतीच, ते ॲक्रिलिक होते. (मुलांनो, हा प्रयोग एकट्याने करू नका.)

बाई म्हणाल्या, "ॲक्रिलिकही चांगले असते. शाळेच्या स्वेटरला छान, धुवायला सोपे. पण तुमच्याकडे बाळाला शेक देतात ना?" माझ्या डोळ्यांसमोर बाजेखालची शेगडी आली. अंगावर काटाच आला! सुती दोराही पेटतो, पण तो वितळून अंगाला चिकटत नाही. घरी जाऊन मी हे सांगितले. त्या दिवसापासून आईने शेगडी बाजेपासून लांब ठेवली.

शेवटी मी सुती दोरा आणला. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. मला आधी उलटेच वाटायचे! ४० नंबरचा फार बारीक, म्हणून १० नंबरचा घेतला. सुती वीण लोकरीसारखी ताणत नाही. म्हणून पहिल्यांदा १० सेंटिमीटरचा चौकोन विणला, धुतला, वाळवला आणि पुन्हा मोजला. तो थोडा आटला होता. त्या हिशेबाने टाके वाढवून टोपडे केले. ते घालून बाळ शांत झोपले. मला फार आनंद झाला.

काळे टोपडे मी टाकूनच देणार होते. आजीने ते उसवायला लावले. त्यात आणखी सूत घालून मी आजोबांना कानटोपी विणली. ती घालून ते रात्री मेंढरांच्या राखणीला जातात. मी विचारले, "आजोबा, टोचत नाही का?" ते हसून म्हणाले, "माझं कातडं बी घोंगडीचंच हाय, पोरी!"

तेव्हापासून दुकानात गेले की मी आधी रंग बघत नाही. कोण घालणार, कुठे घालणार, हे मनाशी विचारते आणि मगच धागा हातात घेते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी