चौसष्टच्या चौसष्ट जुळली!

जुळली! ६४ च्या ६४ अक्षरं जुळली! थांबा, नीट सांगते. मी कॉम्प्युटरमधली जाणकार नाही, हे सगळं मला आत्ता आत्ता कळलंय, पण इथे नांदूरघाटात बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लिनक्स मिंटची अडीच जीबीहून मोठी फाइल उतरवली आणि ती अस्सल आहे की नाही हे माझं मी तपासलं!

टर्मिनल उघडा. घाबरू नका! 'पीडब्ल्यूडी' लिहा, आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते कळतं. 'एलएस' लिहा, तिथे काय काय पडलंय ते दिसतं. 'सीडी डाउनलोड्स' म्हटलं की आलोच तिथे! आणि मग 'शा२५६सम' लिहून फाइलचं लांबलचक नाव टाइप करायला घेतलं तर काय, पहिली काही अक्षरं लिहून टॅब दाबायचं, उरलेलं नाव आपोआप येतं! आपोआप! आणि मग एंटर, आणि मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम फाइलवरून काढलेली ६४ अक्षरांची ओळ, मिंटच्या वेबसाइटवर छापलेल्या ओळीशी तंतोतंत जुळणारी!

आता गंमत बघा. 'एको नांदूरघाट', मग उभी रेघ, मग 'शा२५६सम'. गावाच्या नावाचीही ६४ अक्षरं आली! अनुस्वार काढून 'नादूरघाट' केलं. एक टिंब गेलं आणि अख्खी ओळ ओळखू येईना! आणि मग 'शा२५६सम'च्या जागी 'डब्ल्यूसी -सी' लिहून मूळ नाव मोजलं, तर २८ बाइट! डोळ्यांना दिसतात ५ अक्षरं! पण काना, उकार, अनुस्वार सुटे धरले की ९, प्रत्येकाचे ३ बाइट म्हणजे २७, आणि ओळ संपल्याची खूण १. मी बोटांवर मोजून पाहिलं, बरोब्बर!

एवढा खटाटोप कशासाठी? २० फेब्रुवारी २०१६ ला याच मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसखोर शिरले आणि त्यांनी १७.३ सिनॅमनची लिंक बदलून चोरदरवाजा असलेली फाइल लोकांच्या हाती दिली! आणि मग माझ्या डोक्यात आलं, जो लिंक बदलतो तो तिथे छापलेली ६४ अक्षरं नाही का बदलणार? त्यावरही उपाय आहे! त्या अक्षरांच्या फाइलवर मिंटवाल्यांची डिजिटल सही असते, त्यांच्या गुप्त किल्लीशिवाय ती करताच येत नाही, आणि आपण ती त्यांच्या जाहीर किल्लीने, 'जीपीजी' वापरून पडताळायची. 'गुड सिग्नेचर'! मी टाळीच वाजवली! खाली इशारा मात्र होता, की ही किल्ली खरंच त्यांचीच आहे याची खात्री झालेली नाही. किती प्रामाणिक! मग किल्लीचा ४० अक्षरी ठसा दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळवून ताडला. तोही जुळला!

तुमच्याकडे लिनक्स असेल तर आत्ता तुमच्या गावाचं नाव टाका. टाकाच! मी 'मॅन शा२५६सम' उघडून बसलेय, आतच माहितीपुस्तक आहे हो, नेट नसतानाही चालतं, आणि बाहेर पडायला नुसतं क्यू दाबायचं!