अनारशाची जाळी आणि डोनटचा पट्टा

पॉलिमर क्लेचे गोडाधोडाचे दागिने म्हटले की गुलाबी आयसिंगचा डोनट, त्यावर पेरलेल्या रंगीत साखरेच्या काड्या, नाहीतर चेरी ठेवलेला कपकेक डोळ्यांसमोर येतो. कानातली, लटकन, किल्ल्यांची साखळी, सगळीकडे हेच. हे नग लोभस दिसतात, खपतातही. पण त्यांतले फार थोडे पाहून तोंडाला पाणी सुटते. दोष रंगाला द्यावा तर रंग चोख असतो, मापाला द्यावा तर मापही बरोबर असते. माझे मत असे की अशा कामात पदार्थाचा आकार तेवढा उचललेला असतो, कृती उचललेली नसते. आकारावरून पदार्थ ओळखू येतो, पण तो खावासा वाटतो तो त्याच्या अंगावर राहिलेल्या आचेच्या, पाकाच्या आणि बोटांच्या खुणांमुळे. या खुणा नंतर चिकटवता येत नाहीत. पदार्थ ज्या क्रमाने होतो त्याच क्रमाने माती हाताळली तरच त्या उमटतात.

अनारसाच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, निथळून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचे. मग लहानशी गोळी खसखशीवर थापायची आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. म्हणून अनारशाला दोन वेगळी तोंडे असतात: खालची बाजू घट्ट आणि गडद, वरची जाळीदार, फिकट, कडेकडे तांबूस होत गेलेली. साच्यातून काढलेल्या क्लेच्या अनारशाला मात्र दोन्हीकडे एकच रंग असतो आणि जाळीच्या जागी सुईने पाडलेली गोल भोके. खऱ्या जाळीचे भोक आतल्या वाफेने फुटलेले असते, त्याचे काठ वर आलेले आणि फाटके असतात. तेव्हा सुई टोचून सरळ बाहेर काढायची नाही; टोक आत गेले की तिरपे करून माती वर उचकटायची. खसखशीचे दाणे आधी बसवायचे, जाळी त्यांच्यामधून फोडायची, कारण कढईतही तसेच घडते. रंग सगळ्यांत शेवटी: कोरड्या खडूची पूड मऊ ब्रशाने, आधी फिकट पिवळी सगळीकडे, मग विटकरी फक्त कडेला, आणि सर्वांत गडद तपकिरी खालच्या बाजूला. ओव्हनमध्ये ही माती तळली जात नाही की खरपूस होत नाही, नुसती घट्ट होते. त्यामुळे आचेची प्रत्येक खूण आधीच हाताने ठेवावी लागते, आणि ती कुठे पडते हे ज्याने कढईजवळ उभे राहून पाहिले आहे त्यालाच ती ठेवता येते.

हा आपल्या पदार्थांचा कैवार घेऊन परक्यांना नावे ठेवण्याचा मामला नाही. डोनटलाही हाच न्याय लावावा. यीस्टने फुगवलेला डोनट हलका असतो, तेलावर तरंगतो. एक बाजू तळली की उलटतात, मग दुसरी तळते, आणि मधल्या कमरेचा भाग दोन्ही वेळा तेलाच्या वरच राहतो. म्हणून त्याच्या भोवती एक फिकट पट्टा दिसतो. हा पट्टा ठेवला की मातीचा डोनट तळलेला वाटू लागतो, आणि बाजारातल्या बहुतेक नगांवर नेमका तोच नसतो. वर आयसिंग कितीही सुबक ओता, पट्टा नसेल तर खाली रबराची चकतीच राहते.

जपानात या विद्येचा मोठा धंदा झाला आहे. उपाहारगृहांच्या दर्शनी काचेआड ठेवायचे खोटे पदार्थ तिथे जवळपास शतकभर बनत आले आहेत. गुजो हाचिमान गावच्या इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाकामध्ये अशा पदार्थांचा व्यवसाय उभा केला, आणि त्यांचे गाव आजही या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथली तेम्पुरा, म्हणजे कोळंबीची किंवा भाजीची पिठात बुडवून तळलेली भजी, मेणात कशी करतात ते पाहण्यासारखे आहे. पिवळसर पातळ मेण वरून कोमट पाण्यात ओततात, पाण्यावर ते खरबरीत जाळ्यासारखे पसरते, आणि त्यात खोटी कोळंबी गुंडाळून घेतात. तेलाऐवजी पाणी, पिठाऐवजी मेण, पण हाताची हालचाल स्वयंपाकघरातलीच. कोरीव काम करून ती खरबरीत साल जमली नसती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. साचा वापरणे म्हणजे कृती सोडणे असेल, तर आपल्या साखरेच्या गाठीचे काय? होळीपासून पाडव्यापर्यंत मराठवाड्यातल्या बाजारांत पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, केशरी गाठ्यांचे हार लटकलेले असतात. लेकरांच्या गळ्यात ते घालतात, गुढीला बांधतात. म्हणजे गोड पदार्थ दागिना म्हणून अंगावर घालण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे, आणि त्यातला हा ठळक दागिना साच्यातूनच निघतो. लाकडी साच्यात दोरा टाकतात, वर कडक पाक ओततात, तो थिजला की साचा उघडतात. याहून जुना दाखला तेरचा आहे. मराठवाड्यातल्याच तेरणा नदीकाठचे हे गाव सातवाहन काळात व्यापाराचे मोठे केंद्र होते. तिथे, आणि तेलंगणातल्या कोंडापूरसारख्या ठिकाणीही, रोमन नाण्यांची मातीत घेतलेली प्रतिरूपे सापडली आहेत. दोरा ओवण्याची सोय असलेली ही प्रतिरूपे लोक गळ्यात घालत असावेत, असे मानले जाते. परदेशी वस्तूची स्वस्त मातीतली नक्कल, रंजक आणि अंगावर मिरवण्यासारखी: आजच्या लटकनाचा हा थेट पूर्वजच म्हणायचा, आणि तोही ठशातलाच.

पण हे दोन्ही दाखले माझ्या म्हणण्याच्या बाजूचे आहेत. नाणे मुळात ठशानेच पडते; मातीत त्याचा ठसा घेणे म्हणजे नाण्याच्याच कृतीची पुनरावृत्ती. गाठी साच्यातच जन्मते, म्हणून क्लेची गाठीही साच्यातूनच काढावी, दोरा आधी घालून काढावी, आणि दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्यावर राहिलेली पातळ कड घासून टाकू नये, कारण खऱ्या गाठीवरही ती असते. पेढ्यावर अंगठ्याचा किंवा ठशाचा दाब हवा. करंजीची कड कातणाने कापलेली असेल तर लहान दातेरी चाक फिरवावे, मुरड घातलेली असेल तर मुरडच घालावी. जिलेबीला मात्र साचा कधीच नको. ती कापडाच्या छिद्रातून एका धारेत पडलेली असते, तिची वेटोळी एकमेकांवर जिथे चढतात तिथे ती जाड होते, आणि धार तोडताना शेवटचे टोक बारीक होऊन चिकटते. मातीचा बारीक दोर करून तो न तोडता हातानेच फिरवला तर हे सगळे आपोआप येते. काजूकतलीवरचा वर्खही रुपेरी रंगाने रंगवायचा नसतो. धातूचा पातळ पत्रा कागदावरून दाबून उतरवायचा, म्हणजे तो हलवायाकडे जसा सुरकुततो तसाच सुरकुततो. साचा चांगला की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

दुसरा आक्षेप रंगाचा. आपले गोड पदार्थ तपकिरी, तळलेले, दागिन्यात काय उठून दिसणार? ज्याने गाठ्यांची माळ, बुंदीतले हिरवे-लाल दाणे आणि पाकात चमकणारी केशरी जिलेबी पाहिली आहे, त्याने हे म्हणू नये. आणि तपकिरीही एक नसते. मराठवाड्यातल्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिंचेची साखर लावलेली गोळी कानात घालून पाहा: आत काळपट तांबूस, थोडी पारदर्शक, वर साखरेचे पांढरे कण. तळव्यांत वळलेली असल्याने ती अगदी गोल नसतेच. साखरेसाठी पारदर्शक माती आधी भाजून, किसणीवर किसून, तो कीस गोळीला लावून पुन्हा भाजावा. किसलेल्या कणांना कोपरे असतात, म्हणून ते साखरेसारखे चकाकतात.

प्लास्टिकचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. ही माती म्हणजे माती नव्हेच. पीव्हीसीचे बारीक कण, ते मऊ ठेवणारे द्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण. जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केथे क्रूझे यांच्या मुलीने या मिश्रणावर काम केले आणि १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीने तो माल घेतला. पुढे तो फिमो या नावाने जगभर गेला. कुजत नाही, विरघळत नाही. मग तेरसारखी भाजकी मातीच का नको? कारण तिला शेकडो अंशांची भट्टी लागते, तिच्यात पारदर्शकपणा येत नाही, आणि पाक, साखर, जिलेबी हे सगळे पारदर्शकपणावरच उभे आहे. पॉलिमर क्ले ११० ते १३० अंशांत घट्ट होते, आकसत जवळजवळ नाही, रंग तिच्या अंगातच मुरलेला असतो. पण कुजत नाही म्हणूनच ती फेकून देण्याजोग्या मालात घालू नये. थोडे नग करावेत, पक्क्या कड्यांचे करावेत. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा, कारण ही माती जळाली की घातक धूर सोडते. तिची भांडी, लाटणे, किसणी पुन्हा स्वयंपाकात आणू नये. आणि बोरन्हाणात बाळाच्या अंगावर हे दागिने मुळीच नकोत; खावेसे वाटावे म्हणूनच घडवलेली वस्तू, जे हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या लेकराला देणे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

खोटेपणाचा आक्षेप मात्र मला पटत नाही. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरींच्या अंगावर हार आहेत, कंबरपट्टे आहेत. ते दगडाचे आहेत म्हणून कोणी त्यांना खोटे म्हणत नाही. तिथे शिल्पकाराला माळेचा लोंबता भार कळलेला दिसतो, आणि तेवढे पुरते.

राहता राहिला संक्रांतीचा काटेरी हलवा. नव्या सुनेच्या काळ्या साडीवर शोभणारे त्याचे मंगळसूत्र, बाजूबंद, नथ हे गोडाचे सगळ्यांत देखणे दागिने, आणि क्लेमध्ये सगळ्यांत अवघड. गोळीवर सुईने काटे ओढले की धोत्र्याचे फळ तयार होते. खरा हलवा मंद आचेवर परातीत तिळावर चमचा-चमचा पाक घालत, दाणे हाताने सतत फिरवत, थरांनी वाढतो. काटा बुडाशी रुंद, टोकाला बोथट असतो आणि दोन काटे सारखे नसतात. म्हणून क्लेच्या दाण्यालाही द्रव मातीचा पातळ हात द्यावा, वर पांढरा कीस पेरावा, तळव्यावर फिरवावा, थोडे भाजावे, आणि पुन्हा तेच. आतले थर गच्च पांढरे, बाहेरच्या थरांत पारदर्शक माती जास्त, कारण साखरेच्या काट्याचे टोक किंचित काचेसारखे असते. दाण्याला भोक पाडू नये. हलव्याचे दागिने जसे दोऱ्याची गाठ मारत गुंफतात, तसेच गुंफावेत. थरांनी वाढलेल्या काट्यांमध्ये दोरा घट्ट बसतो; सुईने ओढलेल्या काट्यांवरून तो सरकतो आणि दाणा निसटतो.