पिंकीची आई

रविवार, रात्री उशिरा

यश चोप्रांचा ‘कभी कभी’ (१९७६) आज पुन्हा पाहिला. सगळे त्यातल्या अमित-पूजा या प्रेमी जोडीच्या विरहाबद्दल बोलतात. माझ्या मनातून मात्र पिंकी जात नाही. लग्न ठरताना तिला कळतं की आपण दत्तक आहोत, आणि ही पोर जन्मदात्रीला शोधायला निघते. नीतू सिंगचा तो हसरा चेहरा एकदम पोरका दिसू लागतो.

ती आई म्हणजे अंजली, वहिदा रेहमान. लग्नाआधीचं मूल, प्रियकर वैमानिक, तो अपघातात गेला. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही. पोटची मुलगी समोर उभी आणि घरात तिची ओळख नात्यातली म्हणून करून द्यायची! वहिदाच्या डोळ्यांत माया आणि धास्ती एकाच वेळी दिसते. मला तिचा राग येत नाही. राग येतो तो तिला गप्प बसवणाऱ्या समाजाचा.

आज कायद्याने दत्तक मुलांना आपली मुळं शोधता येतात. मात्र जन्मदात्रीची गोपनीयता जपूनच. हे मला न्याय्य वाटतं.

दत्तक मुलांच्या आईबाबांनो, एवढंच मागणं आहे: लग्नापर्यंत थांबू नका, मूल दत्तक आहे हे त्याला लहानपणीच, मांडीवर घेऊन सांगा.