मुदतवाढ

जगात दोन नोकऱ्या अशा आहेत, की त्यांतलं आपल्याला काही कळत नाही असं कबूल करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एक अर्थमंत्र्याची आणि दुसरी फुटबॉलच्या प्रशिक्षकाची. पैकी अर्थमंत्र्याला सल्ला द्यायचा मला थोडाफार अधिकार पोचतो. मी बी. कॉम. आहे आणि गेली चोवीस वर्षं एका बँकेत लोकांचे पैसे मोजतो आहे. (स्वतःचे मोजायला फारसा वेळ लागत नाही.) प्रशिक्षकाला सल्ला देण्याचा अधिकार मात्र माझ्याकडे जन्मतःच आलेला आहे. मी कोल्हापूरचा आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. बाकीच्या महाराष्ट्रात पोरं बॅट घेऊन जन्माला येतात. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालीम मंडळांचे फुटबॉलचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला, की आमच्या शाखेत दुपारनंतर खातेदार फिरकत नाही. चुकून फिरकलाच आणि कॅशिअर जागेवर दिसला नाही, तर तक्रार करत नाही. दोघांची भेट अर्ध्या तासात स्टेडियमवर होणार हे दोघांनाही ठाऊक असतं.

तर सांगायची गोष्ट २०२४ च्या मार्चमधली. बँकवाल्याला मार्च महिना म्हणजे सासुरवास. त्यात २६ तारखेला गुवाहाटीला आपला भारताचा संघ अफगाणिस्तानकडून २-१ ने हरला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना, आपलंच मैदान, सुनील छेत्रीचा दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना, त्यानं पेनल्टीवर गोलही मारलेला. आणि शेवटी हार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेसमोरच्या चहाच्या गाड्यावर प्रश्न एकच होता : इगोर स्टिमॅकला ठेवायचा की काढायचा? जणू नेमणुकीची फाईल आमच्याच टेबलावर सहीसाठी पडली होती.

"काढा त्येला!" तात्यांनी चहा यायच्या आधीच निकाल दिला. तात्या आमच्या शाखेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले, तरी पाच वाजता गाड्यावर हजेरी लावतात. "आफगाणिस्तानची निम्मी चांगली पोरं संघटनेशी भांडून घरात बसल्याती. उरल्यासुरल्यांकडनं हारतंय म्हंजे काय?"

"तात्या, जरा दमानं," मी म्हणालो. "माणूस १९९८ साली विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातनं खेळलाय. २०१९ ला इथं आला आणि त्याच वर्षी दोह्यात कतारसारख्या आशियाई विजेत्याला शून्य-शून्यवर रोखून दाखवलं. २०२३ ला सॅफ स्पर्धा जिंकून दिली. त्याला वेळ द्यायला पाहिजे."

"किती?"

हा प्रश्न वसुली विभागातल्या बापूंचा. बापूंना जगातला कुठलाही प्रश्न थकबाकीचाच वाटतो. त्यांनी पेन काढलं आणि बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर खातं मांडलं. "१६ नोव्हेंबरला कुवेतमधी एक गोल. पुढं कतारविरुद्ध शून्य. जानेवारीत आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिन्हीकडं शून्य. आफगाणिस्तानशी पयल्या सामन्यात शून्य. मग काल एक, तोबी पेनल्टीवर. दिवस झाले एकशे एकतीस. आपल्यात नव्वद दिवस हप्ता आला न्हाई, की खातं काय होतंय?"

"एनपीए!" सगळा गाडा ओरडला. चहावालासुद्धा. त्याचं एक कर्ज आमच्याच शाखेत आहे.

अशा वेळी जगातला प्रत्येक सहनशील फुटबॉलवेडा जे ब्रह्मास्त्र काढतो, ते मी काढलं. "फर्ग्युसन!" मी म्हणालो. "१९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आला. तीन वर्षं हाती काही नाही. १९८९ च्या डिसेंबरात तर लोकांनी 'आता जा बाबा' अशा अर्थाचा फलक मैदानात आणला. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध हरला असता तर गेला असता, असं लोक अजून म्हणतात. मार्क रॉबिन्स नावाच्या पोरानं एक गोल मारला, संघ तगला, त्याच वर्षी एफ. ए. कप जिंकला. पुढं २०१३ पर्यंत तेरा वेळा लीग! वेळ दिला म्हणून!"

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "फर्ग्युसनचं आमाला सांगू नका," ते म्हणाले. "पुण्याच्या कालेजाचं हितं काय काम?"

सभा बरखास्त झाली. पण मी सहनशीलतेच्या तेजानं भारावून घरी गेलो. सगळ्या मानवजातीला मुदतवाढ द्यावी असं मला वाटत होतं.

घरी चिरंजीव टेबलावर डोकं टेकून बसले होते. समोर सीए फाउंडेशनची पुस्तकं. पहिल्या प्रयत्नाचा निकाल फेब्रुवारीत लागला होता आणि तो, बँकेच्या भाषेत सांगायचं तर, 'अपुरी शिल्लक' या शेऱ्यानिशी परत आला होता.

"हे बघ," मी चपला काढता काढता म्हणालो, "एकदा देऊन बघितलीस, नाही जमलं. आता उगाच ताणू नकोस. बँकेच्या परीक्षांचा फॉर्म भर. वेळ घालवण्यात अर्थ नाही."

स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज थांबला. लाटण्याचा आवाज थांबणं ही आमच्या घरी रिझर्व्ह बँकेच्या पत्रासारखी गोष्ट आहे.

"अहो," सौ. दारात येऊन म्हणाली, "मगाशी गाड्यावरनं तुमचा आवाज घरापर्यंत येत होता. त्या क्रोएशियाच्या माणसाला पाच वर्षं झाली, तरी अजून वेळ द्यायचा. आणि पोटच्या पोराला एकच परीक्षा?"

मी पाणी मागितलं. पाणी आलं, उत्तर आलं नाही.

त्या रात्री झोप लागेना. सीए व्हायचं मीही एके काळी ठरवलं होतं. पहिल्या फटक्यात आपटलो. वडील गिरणीतून आले, सदरा खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "एकदा बघितलंस की. आता नोकरी बघ." मी नोकरी बघितली. वडिलांचा मला राग नाही. घरात पाच तोंडं होती. पण गेली चोवीस वर्षं दर मार्चमध्ये लेखापरीक्षक येतो, माझ्याच वयाचा, बऱ्याचदा माझ्याहून लहान. मी त्याला व्हाउचरं काढून देतो, चहा मागवतो आणि मनात म्हणतो, अजून एकदा बसलो असतो तर? आणि आज वडिलांचंच वाक्य, त्याच चालीत, माझ्या तोंडून निघालं होतं. सदरा तेवढा खुंटीला अडकवायचा राहिला होता.

सकाळी मी उदारपणे जाहीर केलं, "तुला दोन वर्षं दिली. चार वेळा बस. मी काही बोलणार नाही."

मला वाटलं, पोरगा पाया पडेल. तो म्हणाला, "बाबा, मी मागितली कुठं दोन वर्षं? मला जूनची परीक्षा द्यायची आहे. नाही झालो तर माझं मीच सांगतो."

वाचकहो, हे मला नवीन होतं. काढायचं की ठेवायचं यावर आम्ही गाड्यावर तासन् तास भांडलो. पण ज्याला ठेवायचं त्याचं काय म्हणणं आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खुद्द स्टिमॅकनंही त्या वसंतात सांगून टाकलं होतं, की संघ तिसऱ्या फेरीत नेता आला नाही तर मी राहणार नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली आणि छेत्री निवृत्त झाला. ११ जूनला दोह्यात छांगतेनं गोल मारून आपल्याला आघाडी दिली. मग कतारनं बरोबरी केली, ती गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून. पंचांनी गोल दिला. शेवटी २-१ हार. त्या रात्री तात्यांनी सुद्धा स्टिमॅकला शिव्या दिल्या नाहीत, सगळ्या पंचांना दिल्या. १७ जूनला महासंघानं स्टिमॅकला नारळ दिला. करार २०२६ पर्यंतचा. तेव्हा नुकसानभरपाईही द्यावी लागली. मुदतीआधी ठेव मोडली की दंड पडतो, हे आमच्या काउंटरवर येऊन कुणी विचारलं असतं तरी फुकट सांगितलं असतं.

बापूंचं खातं मिटलं असं मात्र नाही. नंतर मानोलो मार्केझ आले. आठ सामन्यांत एक विजय मिळवून २०२५ च्या जुलैत गेले. मग खालिद जमील आले, मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. आणि ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरल्यावर आशिया चषकाचं दार बंद झालं. कारकून बदलला म्हणून तेरीज जुळत नाही. चूक मागच्या पानावर असली तर ती तिथंच जाऊन शोधावी लागते. हे मी गाड्यावर सांगितलं. तात्या म्हणाले, "मागचं पान कोण उलटणार? त्यापरास मानूस बदलणं सोपं."

चिरंजीवांची जूनची परीक्षाही गेली. थोड्या गुणांनी. निकालाच्या दिवशी त्यानं स्वतःच येऊन सांगितलं, "बाबा, थांबतो. बी. कॉम. नीट करतो." मी मुदतवाढीचं भाषण तोंडपाठ करून बसलो होतो, ते गिळलं. खरं सांगायचं तर आतून थोडं तुटलं. त्याच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, याची फोड मला अजून करता आलेली नाही. पण एक फरक आहे. मला थांबवलं होतं, तो थांबला. वीस वर्षांनी कुठल्या लेखापरीक्षकाला चहा देताना त्याला निदान माझं वाक्य आठवणार नाही.

हल्ली तो संध्याकाळी आमच्या पेठेतल्या लहान पोरांना फुटबॉल शिकवतो. तेरा वर्षांखालचा संघ. ओळीनं चार सामने हरला आहे.

परवा मैदानाच्या कडेला उभा होतो. शेजारी एका खेळाडूचे वडील होते. पाचवा सामना, आणि आमच्यावर दोन गोल चढलेले. ते करवादले, "कोच बदलाय पायजे ह्यो. पोरास्नी काय शिकवतंय कुणास ठाऊक!"

चोवीस वर्षांत काउंटरवर मी शांतपणा शिकलो आहे. तो सगळा गोळा करून मी म्हणालो, "जरा वेळ द्या की त्याला. फर्ग्युसनचं उदाहरण घ्या..."

गृहस्थांनी माझ्याकडे वळून नीट बघितलं.

"म्हंजे कोच पुण्यात शिकलाय व्हय?" ते म्हणाले. "तरीच!"