चक्का आणि कोळसा

दही फडक्यात बांधून टांगले की पाणी गळते आणि भांड्याचा आकार सोडून त्याचा चक्का होतो. गृहिणीस तेच हवे असते. रसायनशास्त्रज्ञांची मात्र नेमकी तेथेच पंचाईत होती. खरवसासारख्या थरथरत्या जेलातील द्रव काढावा, पण आतले अतिसूक्ष्म जाळे मिटू नये, हा त्यांचा हट्ट. द्रव नुसता उडू दिला तर त्याचा पृष्ठताण जाळ्याच्या भिंती एकमेकींकडे ओढतो. अमेरिकेत सॅम्युअल किस्लर यांनी १९३१ साली यावर तोड प्रसिद्ध केली. द्रव दाबाखाली इतका तापवावयाचा की द्रव आणि वायू हा भेदच उरू नये, आणि मग हलकेच सोडून द्यावयाचा.

कोळशाची कथा पुढची. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या रिचर्ड पेकाला यांनी १९८९ साली रिसॉर्सिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या जेलाविषयी लिहिले. हे मिश्रण पातळ असताना ज्या साच्यात ओतावे त्याचा आकार घेते. मग त्यातील पाण्याची जागा ॲसिटोनला, ॲसिटोनची द्रवरूप कार्बन डायऑक्साइडला द्यावयाची. तो ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७३ वातावरणे दाब यांपलीकडे नेऊन सोडावयाचा, आणि शेवटी नायट्रोजनसारख्या वायूत १००० अंशांच्या आसपास भाजावयाचे. वस्तू आक्रसते, पण घडण टिकते. एका ग्रॅमच्या पोटात ४०० चौरस मीटर आणि त्याहूनही अधिक पृष्ठभाग सामावतो. विद्युतभार साठविण्यास, पाण्यातील क्षार ओढून घेण्यास तो उपयोगी पडतो.

आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. ओल्या मातीला आकार देण्याचा दृष्टान्त पालकसभांतून उगाळून उगाळून गुळगुळीत झाला आहे. त्यात साच्याचे कौतुक फार, वाळण्याला जागाच नाही. दहावीचा निकाल लागला की शाळेचे दप्तर मुलांस विसरते. मग कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी अकाली बोहल्यावर. पुढील दोन वर्षे प्रत्येकाची खबर ठेवणारी एक वही शाळेत असावी, असा आमचा आग्रह आहे. सहकारी हसतात. हसोत बापडे!

२०१५ साली त्याच प्रयोगशाळेत ग्राफीन ऑक्साइड मिसळलेल्या जेलाची शाई करून, ती बारीक नळीतून सोडून थरावर थर रचण्यात आले. ही छपाई पेट्रोलच्या जातीच्या आयसोऑक्टेन या द्रवात बुडवून केली होती. रचना पुरी होण्याआधी शाई हवेत वाळू नये म्हणून.