कंपनी फिटिंग

आबाजींची राजदूत खोलायला घेतली तेव्हा मी सगळ्यात आधी लॅपटॉपवर एक शीट बनवली. पहिल्या रकान्यात पार्टचं नाव, दुसऱ्यात ‘मूळ’ की ‘बदललेला’, तिसऱ्यात कुठे मिळेल. पुण्यात दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला दारव्ह्याजवळच्या गावात येऊनही दुसरं काही सुचत नाही.

गाडी १९७४ ची. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५, पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून बनवलेली. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ‘बॉबी’तली छोटी राजदूत वेगळी. आमची म्हणजे दूधवाल्याची. आबाजी गेल्यापासून ती गोठ्यात उभी होती आणि सीटवर कोंबड्या बसायच्या.

मला हा नाद लागला तो अमेरिकन हॉट रॉडच्या व्हिडिओंमुळे. तिकडे १९४०-५० च्या काळात पोरांनी १९३२ च्या फोर्डसारख्या जुन्या गाड्यांची मडगार्डं काढून, इंजिनं वाढवून त्या पळवल्या. आज त्या गाड्या दुरुस्त करणारे हौशी लोक साधा स्क्रूसुद्धा त्याच काळातला शोधतात. मला ते फार आवडलं. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मला ती अक्षरं हवी होती.

दारव्ह्याच्या मेकॅनिक चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “कंपनी फिटिंग पाहिजे, का चालणारी गाडी पाहिजे?” मी म्हटलं, दोन्ही. ते हसले आणि कामाला लागले. क्रँकचे सील वाळून कडक झाले होते. टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा आत शिरली की किक मारून पाय दुखतो, पण गाडी काही उठत नाही. सील बदलले, बोअर करून नवा पिस्टन टाकला, पॉइंट घासून गॅप लावला. टेललाइट मी दिल्लीच्या करोलबागेतून मागवला, स्पीडोमीटर एका ग्रुपवर मिळाला. शीट हिरवी होत चालली होती.

लाल ओळी उरल्या दोन. मागच्या बाजूला डावी-उजवीकडे वेल्ड केलेल्या लोखंडी कड्या. ओबडधोबड, गंजलेल्या, कॅटलॉगमध्ये कुठेच नसलेल्या. एका रविवारी ग्राइंडर आणून मी त्या कापल्या. दुपारी भंगारवाला आला, बाकीच्या सामानाबरोबर त्याही नेल्या.

संध्याकाळी बाबा शेतातून आले. हातपाय न धुता गाडीपाशी थांबले. कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“कड्या कुठी गेल्या?”

“काढल्या. कंपनीच्या नव्हत्या त्या.”

“नव्हत्याच कंपनीच्या.” ते थोडा वेळ गप्प राहिले. “मी दहावीत होतो. कापूस सारा पावसात काळा पडला. तुह्या आबाजीनं त्या साली कड्या लावल्या. दोन कॅन दूध, रोज दारव्ह्याले. त्या दुधावर मी आयटीआय केलं. पुढचं तुले मालूम हाय.”

पुढचं म्हणजे बाबांची नोकरी, माझं इंजिनिअरिंग, हा लॅपटॉप आणि त्यातली ती शीट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाल्याकडे गेलो. माल रात्रीच यवतमाळला गेला होता. चाचांना सांगितलं तर त्यांनी पाना खाली ठेवला. “वेल्डिंग मीच केलतं ते. विचारायचं होतं ना बाप्पा.”

त्या रात्री हॉट रॉडचा तोच व्हिडिओ पुन्हा लावला. तो माणूस गाडी कंपनीतून निघाली तशी करतच नव्हता. १९५० साली कुण्या पोरानं तिच्यात जे बदल केले होते, ते तो जपत होता. मी हे आधीही ऐकलं होतं, पण लक्ष पार्टांच्या किमतींकडे होतं.

आमच्या दारव्ह्यावरून जाणाऱ्या शकुंतलेला १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन होतं. १९९४ मध्ये ते जाऊन डिझेल आलं. तरी लोकांनी तिला शकुंतलाच म्हटलं. आमच्या गाडीचं मूळ स्वरूप १९७४ चं धरायचं की कापूस गेला त्या सालचं, हे मी घरात कुणाला विचारलंच नव्हतं.

चाचा म्हणाले, तशाच कड्या बनवून देतो, माप डोक्यात आहे. बाबा नको म्हणाले. “राहू दे. आता दूध कुठी हाय?”

रंगाऱ्याला मी सांगितलं, कापलेल्या दोन जागा लांबी लावून बुजवू नको. गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारलं आहे. ‘व्हीए’चा अर्ज अजून भरलेला नाही. गाडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठते. बाबा सकाळी तिच्यावर शेतात जातात, डब्याची पिशवी हँडलला अडकवून.