आत्याची कवळी आणि पाव मिलिमीटर

रांजणगाव एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात. पार्ट मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट. त्यामुळे दौंडच्या आत्याची कवळी ‘बसत नाही’ हे कळलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता: कितीने?

आत्याच्या खालच्या जबड्यातल्या दोन्हीकडच्या दाढा मिशेरीने आणि दुर्लक्षाने गेल्या. पुढचे दात शाबूत. म्हणून अर्धी, काढता-घालता येणारी कवळी. पहिली अ‍ॅक्रिलिकची होती, तारेचे हूक असलेली. एका बाजूने चावलं की दुसरी उचलायची. हिरडीला फोड आले. शेवटी तिने ती रुमालात गुंडाळून फडताळात ठेवली आणि भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. लग्नाकार्यात पंगतीला बसेना. “मला भूकच न्हाई,” म्हणायची. हसताना पदर तोंडावर.

मग मी वाचायला लागलो. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पावडर आणि द्रव कालवून, साच्यात दाबून, गरम पाण्यात शिजवलेलं प्लॅस्टिक. शिजताना ते आकसतं. साचा घाईने गार केला तर आतला ताण तसाच राहतो आणि कवळी बाहेर काढली की वाकते. त्याआधी तोंडाचं माप ज्या लगद्याने घेतात तो अल्जिनेटही उघडा पडला की सुकून आकसतो. म्हणून त्यात प्लॅस्टर लगेच ओतायचं असतं. म्हणजे चूक कवळीच्या आधीच सुरू होऊ शकते.

दुसरी पद्धत धातूच्या सांगाड्याची. मेणाचा सांगाडा करायचा, त्याभोवती साचा, मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत कोबाल्ट-क्रोमियम ओतायचं. हा धातू गार होताना दोन टक्क्यांहून जास्त आकसतो. आमच्याकडे फाउंड्रीत त्यासाठी पॅटर्नच मोठा करतात. इथे साचा फुगवतात. साच्याचं मिश्रण असं असतं की तापल्यावर ते तेवढंच प्रसरण पावतं. हे वाचून मला त्या न पाहिलेल्या टेक्निशियनबद्दल फार आपलेपणा वाटला.

पुण्यातल्या डॉक्टरांना मी मोठ्या ऐटीत विचारलं, “लेझर प्रिंटिंग का नको?” ते म्हणाले, “करता येतं. पण मशीन बदललं म्हणून माप आपोआप सुधारत नाही.” खरंच आहे. लेझरने थरावर थर वितळवताना धातूत ताण साठतो. प्लेटवरून सोडवण्याआधी त्याला भट्टीत शांत करावं लागतं, नाहीतर तोही वाकतो. मिलिंगमध्ये हत्यार जाईल तेवढाच कोपरा निघतो. प्रकाशित अभ्यासांतही संगणकावरच्या पद्धती वापरण्याजोगं माप देतात, पण जुनं ओतकाम हरलेलं नाही.

डॉक्टरांनी आत्याच्या शाबूत दातांवर बारीक खाचा केल्या. सांगाड्याचे टेकू त्यांत बसतात. हुकाचं टोक दाताच्या फुगीर भागाखाली जेमतेम पाव मिलिमीटर शिरतं. कवळीची पकड बरीचशी त्यावर. दात लावण्याआधी नुसता सांगाडा तोंडात घालून पाहिला, घासणारी जागा शोधून किंचित खरवडली. दौंडहून पुण्याला चार खेपा झाल्या. आत्या म्हणाली, “एवढ्यात तर पोरीचं लग्न जमलं असतं.”

माझं मायक्रोमीटरचं शास्त्र इथे तोकडं पडलं. आमचा पार्ट ज्यात बसतो ते लोखंड असतं. आत्याची कवळी जिवंत जागेवर बसते. दात चावताना केसभर हलतो, हिरडी त्याहून कितीतरी जास्त दबते, आणि त्या दोघांवर एकच कवळी टेकलेली. हिरडीखालचं हाडही वर्षागणिक झिजतं. आज बसलेली कवळी पाच वर्षांनी तशीच बसेल असं नाही. अस्तर बदलावं लागतं.

आमच्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. त्यांच्याही दातांवर किडीच्या खुणा आहेत. दुखणं जुनंच. उपाय आहे तो आपल्या काळात, आणि तोही सगळ्यांना सारखा मिळत नाही. धातूची कवळी महाग, शिवाय प्रत्येक खेपेला रोज बुडतो. म्हणून गावाकडे बहुतेकांच्या वाट्याला स्वस्तातली येते. ती टोचली की दोष म्हातारीलाच: “तुम्ही सवय करून घ्या.”

घरात कुणाची कवळी होणार असेल तर एक विचारा: ही कशावर टेकणार, दातांवर की नुसत्या हिरडीवर? सांगाडा आधी घालून बघणार का? एवढं विचारायला मायक्रोमीटर लागत नाही.

आत्या आता बाजरीची भाकरी खाते. शेंगदाणे अजून कुटूनच. परवा फोनवर म्हणाली, “बसली रं. पण दात ते दातच.”